थेरपिस्टची मुलाखत तुम्ही घ्यायची

वाचकांचं पत्र

नमस्कार ताई,

मी ३२ वर्षांची. बार्शीत राहते, इथल्याच एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. घरी मिस्टर, सासू-सासरे आणि दुसरीतला मुलगा. मागच्या दिवाळीनंतर सोलापूरला ट्रेनिंगला निघाले होते. वैराग यायच्या आत एसटीत एकदम छातीत धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आता आपण जातोय असंच वाटलं. कंडक्टरनं वैरागला उतरवलं, मिस्टर गाडी घेऊन न्यायला आले. ईसीजी काढला, टू-डी इको केला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

त्यानंतर चार-पाच वेळा तसंच झालं, एकदा तर काउंटरवर गर्दी असताना. आता मी एसटीत बसतच नाही. पतसंस्थेतही मिस्टर सोडतात नि आणतात. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि फोन फुल चार्ज असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

मैत्रीण म्हणाली, ऑनलाइन थेरपिस्ट बघ. एकदाच शोधलं, तर आता फोनवर दिवसभर त्याच जाहिराती. एकानं '२१ दिवसांत अँग्झायटी मुळापासून' असं ९,९९९ रुपयांचं पॅकेज सांगितलं, आजच भरले तर निम्म्यात म्हणाला. इथं गावात कुणाकडं गेले तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर लोक विचारतील. खरा कोण, खोटा कोण कसं ओळखायचं? मराठीत बोलणारं कुणी मिळेल का? मी बोललेलं कुठं जाणार नाही ना? घरात तर एकांत असा नाहीच. आणि गोळ्या सुरू केल्या की जन्माच्या लागतात म्हणतात, ते खरं का?

— अर्ध्या तिकिटाची प्रवासी


प्रिय प्रवासी,

मार्च २०२३ पासून एसटीत आपण सगळ्याच बायका अर्ध्या तिकिटाच्या झालोय. पण एवढ्या त्रासातही सही करताना तुम्हाला गंमत सुचली, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

आधी त्या पॅकेजचं. पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परत मागा आणि पुढचा एक रुपया देऊ नका. तुमचं नीट ऐकून घेण्याआधीच किती दिवसांत बरं वाटेल हे कुणीही जाणता माणूस सांगत नाही. आणि 'आजच भरलेत तर निम्म्यात' ही भाषा साड्यांच्या सेलची आहे.

तुम्ही जे लिहिलंय त्याला बहुतेक डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतील. पत्रावरून निदान करणं मला शोभणार नाही, पण धडधड, मुंग्या, 'आता जातोय' ही खात्री आणि नंतर स्वच्छ ईसीजी, हा क्रम या सदराला फार ओळखीचा आहे. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. तुमची अडचण अशी की तो उतरताना तुम्ही कधी पाहिलाच नाही. त्याआधीच तुम्ही बसमधून उतरता, काउंटर सोडता, मिस्टरांना फोन लावता. मग मनात हिशेब पक्का होतो की मी निघाले म्हणून वाचले. पुढच्या वेळी छाती जराशी जरी धडधडली तरी मन म्हणतं, आलं बघ. त्या धास्तीनेच धडधड आणखी वाढते. हे चक्र सोडवायला शिकवणारा माणूस तुम्हाला हवा आहे. 'टेन्शन घेऊ नका' म्हणणारा तुम्हाला आधीच भेटलाय.

शोध सुरू करण्याआधी फॅमिली डॉक्टरांना टीएसएच (म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला सांगा. हृदयाच्या तपासण्या झाल्या असं तुम्ही लिहिलंय, रक्ताचं काही लिहिलेलं नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा रक्त कमी असेल तरी छाती धडधडते, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं काही नवलाचं नाही. दिवसात किती कप चहा होतो तेही मोजून ठेवा. पतसंस्थेत दर आल्या-गेल्याबरोबर घोट-घोट होत असणार. हे सगळं थेरपिस्टला सांगायच्या कामी येईल.

आता खरा कोण. ऑनलाइन जो तो थेरपिस्ट असतो, कारण स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून बिरुद सोडून द्या आणि त्यामागची पदवी बघा. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचं काम त्यांचं. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करत असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांच्याकडे असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. बोलून, सराव करून घेऊन उपचार करण्याचं त्यांचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असतं, आणि त्यांची नोंद दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमध्ये असते. त्याला आरसीआय नंबर म्हणतात. नंबर मागायचा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव जुळतं का पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही रोज केवायसी तपासता, तुम्हाला हे मी काय शिकवणार!

तिसरा गट सगळ्यात मोठा: समुपदेशक, म्हणजे कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट. यांच्यात उत्तम माणसं आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावलेलीही आहेत. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने या मंडळींच्या नोंदणीची तरतूद केली आहे, पण ती यंत्रणा अजून अंगवळणी पडलेली नाही. त्यामुळे इथे एका नंबरवर काम भागत नाही, विचारावं लागतं. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी कुठून केलं? त्यानंतर कुणाच्या हाताखाली काम केलं? आजही अवघड केस आली तर कुणा ज्येष्ठाशी चर्चा करता का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. चांगला समुपदेशक त्याचं उत्तर खुशीने देतो. ज्याला कुणाला विचारायची गरजच वाटत नाही, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. नावामागे 'डॉक्टर' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ती पीएचडीही असू शकते. पीएचडी असणं चांगलंच, फक्त त्यावर गोळ्या लिहून देता येत नाहीत. लाइफ कोच, हीलर, एनएलपी मास्टर यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. ज्याला झटके येतात त्याने तिकडे फिरकू नये.

तुमच्यासाठी सुरुवात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपासून किंवा अनुभवी समुपदेशकापासून करायला हरकत नाही. गरज वाटली तर तेच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. पाठवायला नाखूश असतील तर तेही लक्षात ठेवा.

शोधायचं कुठे? जाहिरातीत नको. सगळ्यात सोपी पहिली पायरी म्हणजे टेलि-मानस. १४४१६ हा नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. ती चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. दर आठवड्याला तोच माणूस तुमच्याशी बोलेल अशी ती व्यवस्था नाही, पण 'माझं हे असं आहे, मी कुणाकडे जाऊ?' हे विचारायला हक्काची जागा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची, आयकॉल नावाची सेवा २०१२ पासून फोनवर समुपदेशन करते. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केली. तिथे मराठीतून काम करणारी मोठी फळी आहे. ऑनलाइन वेळ मिळेल का, फोन करून विचारा. मराठीचं म्हणाल तर काळजी नको. विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आपले विचार तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, पण डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत इतकी रुजवली की पुण्या-मुंबईत या पद्धतीने मराठीतून काम करणारे भरपूर आहेत. आणि ऑनलाइनचा खरा फायदा तोच. बार्शीत बसून पुण्याचा, ठाण्याचा, नागपूरचा माणूस तुम्हाला मिळतो, ज्याचा तुमच्या काउंटरवर कधी खातेदार म्हणून येण्याचा संबंध नाही.

दोन-तीन नावं हाती आली की लगेच सेशन बुक करू नका. आधी निरोप पाठवा. शब्द सुचत नसतील तर हेच पाठवा: 'नमस्कार. मी ३२ वर्षांची, बार्शीची. काही महिन्यांपासून अचानक घाबरण्याचे झटके येतात. त्यामुळे बसचा प्रवास बंद झालाय. ईसीजी आणि इको नॉर्मल आहेत. मराठीतून ऑनलाइन सेशन हवं आहे, संध्याकाळी साडेसहानंतर. तुमचं शिक्षण, नोंदणी क्रमांक असल्यास तो, आणि एका सेशनची फी कळवाल का? सुरू करण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

त्या दहा मिनिटांत मुलाखत तुम्ही घ्यायची. आपल्याला सवय उलटी असते. डॉक्टर विचारणार, आपण खाली मान घालून सांगणार. इथे सरळ विचारा, माझ्यासारखा त्रास असलेल्यांबरोबर तुम्ही नक्की काय करता? तयारीचा माणूस सांगेल की आधी झटका कसा तयार होतो ते समजावून घेऊ, मग तुम्ही टाळताय त्या गोष्टींची यादी करू, आणि हळूहळू त्यांना सामोरं जायचा सराव करू. दर आठवड्याला घरी करायला काहीतरी देईन. साधारण दहा-बारा-पंधरा सेशन धरून चाला. कदाचित तो सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याचा सराव) हे नावही घेईल. चिंता आणि पॅनिकवर सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या पद्धतींपैकी ती एक, आणि व्हिडिओवर केलेली सीबीटी समोरासमोरच्या इतकीच उपयोगी पडते असं संशोधन सांगतं. उत्तरात नुसतं 'पॉझिटिव्ह राहा', 'मागचा जन्म', 'एनर्जी ब्लॉक झालीय' असं आलं तर आभार मानून फोन ठेवा. दुसऱ्या पेशंटचे किस्से सांगायला लागला तरीही ठेवा. उद्या तुमचाही किस्सा होईल.

सराव म्हणजे काय हे थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर पुष्कळ जण थेरपिस्टच वेडा आहे असं ठरवून पळ काढतात. तो तुम्हाला कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी एक मिनिट धावायला लावेल. फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायला लावेल. सरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगेल. छाती धडधडेल, डोकं हलकं होईल. आणि तो शांतपणे विचारेल, आता काय वाटतंय, काय होईल असं वाटतंय, झालं का तसं? धडधड नुसती धडधड असते, तिच्यातून काही घडत नाही, हे शरीराला पटवून देण्याची ही रीत आहे. तुमच्या बाबतीत तर जिना दोनदा चढलात तरी पुरे.

मग एसटी. इथे मला ऑनलाइनबद्दल एक शंका आहे ती मोकळेपणी मांडते. तुमचा आजार टाळण्यावर पोसला जातो. एसटी टाळली, गर्दी टाळली, एकटीने पतसंस्थेत जाणं टाळलं. आता घरातच बसून, मोबाइलवर, ओळखीच्या पलंगावर मांडी घालून थेरपी घेतलीत तर तीसुद्धा टाळण्याचाच एक सुखकर प्रकार होऊन बसेल. काही थेरपिस्ट दर आठवड्याला छान बोलतात, पेशंटला हलकं वाटतं, आणि सहा महिन्यांनी पेशंट आहे तिथेच. म्हणून पहिल्या फोनवरच सांगा: मला घराबाहेर काढा. चांगला थेरपिस्ट फोनचाच उपयोग करून घेईल. आधी बार्शीच्या स्टँडवर नुसतं वीस मिनिटं उभं राहायचं, बसमध्ये चढायचं नाही. मग उभ्या असलेल्या गाडीत बसून उतरायचं. मग एक स्टॉप, मागून मिस्टर गाडीवर. मग एक स्टॉप एकटीने, कानात इअरफोन आणि पलीकडे थेरपिस्ट. मग फोन न करता. मग पर्समध्ये पाण्याची बाटली न घेता. बाटलीपाशी पुष्कळांचं अडतं, माणूस एकवेळ सोलापूरला जाईल पण बाटली सोडणार नाही. नियम एकच, की भीती टोकाला असताना उतरायचं नाही, ती खाली येईपर्यंत बसून राहायचं. क्रम आणि वेग थेरपिस्टने ठरवायचा, माझं पत्र वाचून उद्या सकाळी एकदम सोलापूरची गाडी पकडू नका.

यात मिस्टरांचाही विषय येतो. ते तुम्हाला रोज सोडतात, आणतात. प्रेमाने करतात, आणि त्यामुळेच तुमचं आजारपण सुखाने नांदतंय. हे तुमच्या तोंडून त्यांना लागेल. थेरपिस्टला सांगून एका सेशनला त्यांनाही बसवा. 'बायकोला सोडायला जाणं हळूहळू बंद करा' हे तिऱ्हाईत माणसाने सांगितलेलं नवऱ्यांना जास्त पटतं, हा माझा अनुभव आहे.

एकांताचं काय करायचं? खोटं बोलायची गरज नाही. 'धडधडीसाठी बाहेरगावच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलायचं असतं, तासभर लागतो' एवढं सासूबाईंना सांगा. ते खरंच आहे, आणि ईसीजी काढला तेव्हा त्याही काळजीत होत्याच ना? काय बोललात हे सांगायला तुम्ही बांधील नाही. जागा म्हणून गच्ची चांगली, पण शेजारची गच्ची चिकटलेली असेल तर नको. पतसंस्था सुटल्यावर मागची रेकॉर्डची खोली मिळते का पाहा. घरातच बसायचं असेल तर दाराला पाठ नको, दाराकडे तोंड करा, आणि खोलीबाहेर कूलर नाहीतर टीव्ही चालू राहू द्या. इअरफोन वायरचे वापरा, ऐन रडू फुटण्याच्या वेळी ब्लूटूथची बॅटरी संपते. कुणी खोलीत आलं तर काय करायचं ते थेरपिस्टशी आधीच ठरवा. तुम्ही 'ते स्टेटमेंट उद्या पाठवते' म्हणालात की त्याने समजून घ्यायचं. रेंज गेली तर व्हिडिओ बंद करून आवाजावर चालू ठेवा, काही बिघडत नाही. फोनचं स्क्रीन लॉक आणि व्हॉट्सअॅपचा निरोप वर झळकणं हे दोन्ही बघून घ्या. मुलाच्या हातात गेम खेळायला तोच फोन जातो.

बोललेलं कुठे जाईल का, याचं उत्तर दोन भागांत. माणूस म्हणून, नोंदणीकृत तज्ज्ञाला तुमची माहिती बाहेर देता येत नाही. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा तुमचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. अपवाद मोजके, मुख्य म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. तुमच्या शाखाधिकाऱ्याला किंवा सासऱ्यांना सहज सांगून टाकणं त्यात बसत नाही. सेशन रेकॉर्ड होणार का, टिपणं कुठे राहतात, हे विचारा. थेरपिस्ट तुमचा पत्ता आणि अडीअडचणीला फोन करायला एका नातेवाइकाचा नंबर मागेल. घाबरू नका, न मागणारा जास्त बेफिकीर. अॅप ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बेटरहेल्प या अमेरिकेच्या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. लोकांनी मदतीसाठी भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका होता, आणि ७८ लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा 'तुम्हाला अँग्झायटी आहे का, दोन मिनिटांत ओळखा' असल्या चाचण्या फोन नंबर देऊन भरत बसू नका. तुमच्या फोनवर त्या जाहिराती कुठून येतात, हे आता लक्षात आलं असेल. अॅपवरचा चॅटबॉट झोप येत नाही तेव्हा वही म्हणून ठीक, थेरपिस्ट म्हणून नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. जन्माच्या लागतात हे सरसकट खरं नाही. चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या मुख्य गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बंद करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्या लागतात. सवय लागते ती दुसऱ्या जातीच्या, पटकन शांत करणाऱ्या गोळ्यांची. त्या मोजक्या दिवसांसाठी असतात. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुन्हापुन्हा आणायच्या नाहीत. अनेकांना नुसत्या थेरपीने भागतं, काहींना दोन्ही लागतं. ते ठरवायला मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

पैशांचं. पुण्या-मुंबईच्या अनुभवी माणसाची पाऊण ते एक तासाची फी साधारण आठशे ते अडीच हजारांच्या घरात असते. परवडत नसेल तर 'फी कमी करता का' हे विचारायला लाजू नका. बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, आणि संस्थांमध्ये वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकणारे स्वस्तात काम करतात. एका वेळी एकाच सेशनचे पैसे भरा, पावती घ्या. विमा मानसिक आजारालाही लागू व्हावा असं कायदा म्हणतो, पण तो बहुधा दवाखान्यात दाखल झाल्यावर कामी येतो. दर आठवड्याच्या सेशनचे पैसे त्यातून मिळतील या आशेवर राहू नका.

हे सगळं ऑनलाइनचं कौतुक झालं. ज्या घरात मारहाण होते, जिथे दारूचा प्रश्न मोठा आहे, भास होतात, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, तिथे मोबाइलवरच्या सेशनवर विसंबू नये. समोर बसून पाहणारा डॉक्टर हवा. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण हे पत्र इतरही वाचतायत म्हणून सांगते. मरणाचे विचार येत असतील तर वाट न पाहता १४४१६ ला फोन करा, जिवाला आताच धोका असेल तर ११२ ला, आणि घरच्या एका तरी माणसाला सांगा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे केसपेपर काढून रांगेत बसलेल्यांमध्ये निम्मे तरी तुमच्यासारखेच, नोकरी-धंद्याचे लोक दिसतील.

शेवटचं, बदलण्याविषयी. पहिल्या सेशननंतर जडच वाटतं, त्यावरून ठरवू नका. चार-पाच सेशन झाली की मात्र स्वतःला विचारा: मी काही नवीन करून पाहिलं का? मला जे सांगायचं होतं ते सांगता आलं का, की त्याला बरं वाटावं म्हणून 'हो, फरक आहे' म्हणतेय? उत्तर नाही आलं तर आधी त्यालाच सांगा, चांगला माणूस रागावत नाही, पद्धत बदलतो. तरी जमलं नाही तर दुसरा बघा. त्यासाठी फोन करून कारणं देत बसायचीही गरज नाही, 'पुढची वेळ नको, आतापर्यंतच्या मदतीबद्दल आभारी आहे' एवढा निरोप पुरतो. आधीच्याकडे काय काय केलं ते एका कागदावर लिहून ठेवा आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पाठवा, म्हणजे तुमची कहाणी पुन्हा पहिल्यापासून उगाळण्यात एका सेशनची फी जाणार नाही.